दाजींचे हात

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, कार्डिफच्या हॉस्पिटलात सगळे ‘जेंटल पुरू’ म्हणायचे. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चहा पिताना असा ठसका लागला की अनुताईला पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. तिला हसू आलं नाही. तिला त्या घरात कशाचंच फारसं हसू येत नसे.

पुरुषोत्तम शिंत्रे हे त्यांचं नाव. इचलकरंजीच्या तालमीत वाढलेला गडी. मान बैलासारखी आणि तळहात एवढे मोठे की चहाचा कप आत दिसेनासा व्हायचा. सत्तरच्या दशकात ते मेंटल नर्सिंग शिकायला वेल्समध्ये आले आणि शहराबाहेरच्या एका जुन्या मनोरुग्णालयात रिटायर होईपर्यंत राहिले. तिथे चवताळलेल्या पेशंटला आवरणं हे त्यांचं काम. एखादा खुर्ची घेऊन धावून आला, कुणी काच फोडून तुकडा हातात धरला, की दाजींना हाक जायची. त्यांच्या डाव्या कानाला पाळी नाही. एका पेशंटने ती दातांनी तोडून थुंकली होती. शर्ट रक्ताने भिजला, पण दाजींनी मिठी सोडली नाही आणि हातही उचलला नाही. तो माणूस रडून शांत झाला, त्याला झोपेचं इंजेक्शन दिलं गेलं, आणि मगच दाजी स्वतःच्या कानाला टाके घालून घ्यायला गेले.

या मिठीची एक पद्धत होती आणि ती ते नव्या नर्सेसना शिकवायचे. मागून जायचं. माणसाला कवेत घेऊन त्याचे कोपर त्याच्याच छातीशी आवळायचे. आपला गाल त्याच्या पाठीला घट्ट टेकवायचा, नाहीतर तो डोकं मागे आपटून आपलं नाक फोडतो. मग त्याच्यासकट हळूहळू जमिनीवर बसायचं आणि कानाशी बोलत राहायचं. जोर पुरेपूर लावायचा, पण अंगावर वळ उठता कामा नये. वळ उठला तर चूक आपली.

आणि घरी? घरी हाच माणूस पोराला पट्ट्याने मारायचा.

‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण आपल्याकडे उगाच आलेली नाही. क्षितिज हा माझा एकुलता एक भाचा, कार्डिफमध्येच जन्मलेला. खोटं बोलला म्हणून मार, गणितात मार्क कमी म्हणून मार, उलट उत्तर दिलं म्हणून मार, उत्तर दिलंच नाही म्हणूनही मार. प्रत्येक फटक्यासरशी दाजींचा एकच प्रश्न असायचा, “परत करशील? परत करशील?” पोरगं गालिच्यावर उकिडवं बसून दोन्ही कोपर डोक्यावर धरायचं, कपाळ गुडघ्यांत घालायचं आणि “नाही बाबा, नाही बाबा” करायचं. मी लंडनमधल्या एजवेअरहून सुट्टीला गेलो असताना एकदा मध्ये पडलो. माझाही ओठ फुटला. दाजींनी नंतर त्यावर बर्फ लावला, तोही अगदी हलक्या हाताने. त्या हलक्या हाताचा मला फटक्यापेक्षा जास्त राग आला.

एका दसऱ्याची गोष्ट मी मरेपर्यंत विसरणार नाही. सकाळी क्षितिजला पट्टा बसला होता. संध्याकाळी महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम, चर्चचा हॉल भाड्याने घेतलेला. आपट्याची पानं कुणीतरी भारतातून आणली होती. लहानांनी मोठ्यांना सोनं द्यायचं, पाया पडायचं, मोठ्यांनी जवळ घ्यायचं. क्षितिज सरळ बापापुढे गेला, पान हातात दिलं, वाकला. दाजींनी त्याला कवेत घेतलं. पाठीवर हात पडताच पोरगं कळवळलं, पण आवाज काढला नाही. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, काय गुणी मुलगा आहे हो, परदेशात राहूनही संस्कार टिकवलेत! मला तिथल्या समोशांचं ताट भिंतीवर फेकावंसं वाटलं.

शेवट व्हायचा तसाच झाला. मेडिकलला जाणार नाही, केंब्रिजला आर्किऑलॉजी शिकणार, असं क्षितिजने सांगितलं त्या संध्याकाळी त्याचा हात मोडला. दाजींनीच तो झोळीत बांधला, दाजींनीच त्याला कॅज्युअल्टीत नेलं आणि सायकलवरून पडला असं सांगितलं. काही आठवड्यांनी प्लास्टरमधल्या हातानिशी पोरगा केंब्रिजला गेला, तो पुन्हा त्या घरात आला नाही. अनुताई गुपचूप ट्रेनने जाऊन त्याला भेटून यायची. दाजींना ते माहीत होतं. ती परत आली की ते विचारायचे, “बरा आहे का?” ती म्हणायची, “बरा आहे.” वर्षानुवर्षं बापलेकाचा संबंध एवढाच.

मग २००७ साली बातमी आली की क्षितिजची बायको कॅरिस, ही वेल्सचीच मुलगी, गरोदर आहे. त्याबरोबर निरोपही आला. आईने हवं तेव्हा यावं. बाबांनी बाळाला बघायचं नाही, कधीच नाही.

दाजी त्या रात्री जेवले नाहीत, असं अनुताईने फोनवर सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं, जरा पोट हलकं राहील. माझा स्वभाव असाच आहे.

पण आठवड्याभराने त्यांचा फोन आला. क्षितिज तेव्हा एका लहानशा कंपनीतर्फे लोकांना जॉर्डनमध्ये पेट्रा बघायला घेऊन जायचा. वाळवंटात डोंगर कोरून केलेलं दोन हजार वर्षांपूर्वीचं शहर, आणि ते सगळं पायी हिंडायचं. दाजींनी त्यातल्याच एका सहलीत दोन जागा बुक केल्या होत्या, एक त्यांची आणि एक माझी.

“त्याला कळवलंत?” मी विचारलं.

“नावं दिसतीलच की त्याला.”

“आणि तिथे जाऊन काय करणार आहात?”

“त्यात दसरा येतोय,” दाजी म्हणाले. “दसऱ्याला तो सोनं द्यायला येईल. आला की मी जवळ घेईन. मग बोलू.”

मी कपाळावर हात मारला. एवढा मार दिलेल्या पोराने पुढे यायचं, वाकायचं, आणि यांनी आशीर्वाद द्यायचा! पण त्यांच्या डोक्यात दुसरं चित्रच येत नव्हतं. धाकट्याने यायचं असतं, थोरल्याने थांबायचं असतं. मी नाही म्हणणार होतो, पण अनुताईने फोन घेतला. “मोहन, तू जा. त्यांनी हात उचलला तर आडवा हो. मला तिकडे काय होईल ते बघवणार नाही.”

सहलीच्या पहिल्याच सकाळी क्षितिज आमच्यासमोर उभा राहिला. उन्हाने रापलेला, दाढी वाढलेली, आणि खांदे थेट बापाचे. माझ्या गळ्यात पडला. दाजींना म्हणाला, “गुड मॉर्निंग, मिस्टर शिंत्रे. दोन लिटर पाणी घेतलंय ना? हॅट कंपल्सरी आहे.” बस्स. बाकीच्या दहा-बारा लोकांना जसं सांगितलं तसंच.

त्या उंच, अरुंद घळीतून आम्ही चालत गेलो आणि एकदम समोर गुलाबी कड्यात कोरलेला तो प्रचंड दर्शनी भाग आला. लोकांचे श्वास अडकले. दाजी म्हणाले, “आपल्या वेरूळच्या कैलासापुढे हे काहीच नाही.” मराठी माणूस स्वर्गात गेला तरी आधी हेच म्हणेल. क्षितिजने ते ऐकलं. त्याच्या ओठाचा कोपरा जरा हलला आणि लगेच स्थिर झाला. मला वाटलं, चला, दगडाला पाझर फुटतोय. फुटला-बिटला काही नाही. दाजी सतत त्याच्या आसपास राहायचे, तो सतत टोळक्याच्या दुसऱ्या टोकाला जायचा. डोंगरमाथ्यावर जिथे पूर्वी जनावरांचे बळी द्यायचे ती जागा त्याने दाखवली. दगडात कोरलेली रक्ताची पन्हळ दाखवली. सगळे वाकून बघत होते. दाजी पन्हळीकडे न बघता पोराच्या हाताकडे बघत होते, मोडून जुळलेल्या त्या उजव्या हाताकडे. तो अजून कोपरात पूर्ण सरळ होत नाही.

आमच्या टोळक्यात कीथ नावाचा एक इंग्रज होता. साठीचा, भलामोठा, लाल मानेचा. पहिल्या दिवसापासून कुरकुर. पाणी गरम, जेवण तेलकट, गाइड घाईचा. क्षितिजला तो नावाने हाक मारत नसे, बोटाची टिचकी वाजवायचा. क्षितिज प्रत्येक टिचकीला हसून वळायचा. एवढा सोशिकपणा मी माणसात पाहिला नव्हता. आता वाटतं, तो सोशिकपणा नव्हता. तो झाकण घट्ट लावून बसला होता.

दसऱ्याच्या दिवशी आम्ही शेकडो पायऱ्या चढून डोंगरावरच्या मठाकडे निघालो. मठ म्हणायचं, पण तेही कड्यात कोरलेलं अवाढव्य दगडी काम. पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या, एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला सरळ दरी. दाजींनी सकाळी नवा शर्ट घातला होता आणि खिशात रुमालात गुंडाळलेली आपट्याची पानं होती. नाश्त्याला ते क्षितिजच्या समोर जाऊन उभे राहिले होते, वाट बघत. क्षितिजने त्यांच्याकडे बघितलं, खिशाकडे बघितलं. त्याला सगळं समजलं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि तो “ओके एव्हरीबडी, शूलेसेस” म्हणून वळला.

पायऱ्यांवर गाढवं भाड्याने मिळतात. क्षितिजने सगळ्यांना सांगितलं होतं, गाढव घेऊ नका, उतार वाईट आहे, त्यांचे पाय मोडतात. कीथने घेतलं. गाढववाला म्हातारा धापा टाकत मागे पडला आणि कीथ एकटाच पुढे गेला. वरच्या एका वळणावर आम्ही पोचलो तेव्हा गाढव गुडघ्यांवर पडलेलं होतं आणि कीथ खाली उतरून हातातल्या चालायच्या काठीने त्याच्या तोंडावर मारत होता. एक डोळा बंद झाला होता. नाकातून रक्त गळत होतं. त्या मुक्या जिवाला ना पुढे जाता येत होतं ना मागे. त्याने मान आत ओढून घेतली होती आणि ते नुसतं थरथरत होतं.

“कीथ, स्टॉप,” क्षितिज म्हणाला.

“लाथ मारली त्याने मला.”

“स्टॉप, प्लीज.”

“यांना हीच भाषा समजते,” कीथ इंग्रजीत म्हणाला आणि पुन्हा हाणली.

पुढचं इतक्या झटक्यात झालं की माझ्या तोंडातून शब्दही निघाला नाही. काठी क्षितिजच्या हातात होती आणि कीथ खाली होता. पहिला फटका खांद्यावर, दुसरा कानावर, तिसरा आडव्या धरलेल्या हातावर. बोटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. काठी तुटली तशी ती फेकून त्याने मूठ वापरली. कीथच्या भुवईतून रक्त आलं, दात लाल झाले. तो कुल्ल्यांवर मागे मागे सरकत होता आणि मागे दरी होती. बायका किंचाळत होत्या. आणि माझा भाचा, ज्याने आयुष्यात कुणाला शिवीसुद्धा दिली नव्हती, प्रत्येक ठोशाला ओरडत होता. मराठीत. त्या इंग्रजाला.

“परत करशील? परत करशील?”

मी दाजींकडे बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. खाण तशी माती, असं माझ्या मनात आलं आणि मला माझीच लाज वाटली. अनुताईने मला आडवं व्हायला पाठवलं होतं ते बापाच्या हातापुढे. पोराच्या हातापुढे कोण होणार, हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. माझे पाय तर जागचे हलेनात.

दाजी गेले. साठी उलटलेला माणूस त्या निसरड्या पायऱ्यांवर पळत गेला. मागून गेले. क्षितिजला कवेत घेतलं, त्याचे कोपर त्याच्या छातीशी आवळले आणि त्याला कडेपासून मागे ओढलं. क्षितिज पिसाळल्यासारखा झटके देत होता. लाथा मारत होता. त्याने डोकं जोरात मागे आपटलं आणि दाजींचं नाक फुटलं. गाल पाठीला टेकवायचा, ही अर्धं आयुष्य इतरांना शिकवलेली गोष्ट दाजी विसरले होते. पेशंटच्या बाबतीत कधी विसरले नसते. त्याने पुन्हा डोकं आपटलं. रक्ताची धार पोराच्या मानेवरून शर्टात गेली. दाजींनी मिठी सोडली नाही. हळूहळू त्याच्यासकट खाली बसले, पाठ खडकाला टेकवली आणि कानाशी बोलायला लागले. वॉर्डात बोलायचे तेच.

“आय हॅव गॉट यू. यू आर सेफ. ब्रीद विथ मी. आत... बाहेर. आय हॅव गॉट यू.”

किती वेळ गेला माहीत नाही. क्षितिजचे पाय थांबले. मग खांदे थांबले. मग तो मोठमोठ्याने रडायला लागला आणि दाजी त्याला तसेच धरून डोलत राहिले. मला वाटलं, झालं! ज्यासाठी हा माणूस एवढ्या लांब आला ते झालं. माझेही डोळे भरून आले.

तेवढ्यात क्षितिजने स्वतःच्या हातांकडे बघितलं. दाजींचे पंजे त्याच्या मनगटांवर होते, पण कुठे वळ नव्हता, कुठे ओरखडा नव्हता. त्याने मान वळवून बापाच्या फुटलेल्या तोंडाकडे पाहिलं.

“तुम्हाला हे येतं?” तो म्हणाला.

दाजींनी त्याची मनगटं सोडली.

“ऑल दोज इयर्स, तुम्हाला हे येत होतं? न मारता?”

“माझं कामच होतं ते,” दाजी म्हणाले.

“मग मला का मारला? मी तर छोटा होता, बाबा. मी चावत पण नव्हता. मला असं का नाही धरलं?”

मी देवाची प्रार्थना करत होतो की दाजींनी आता काहीतरी बरं बोलावं. संताप यायचा, माझ्या बापानेही मला असंच वाढवलं, तुझ्या भल्यासाठीच केलं. आपल्याकडे असली उत्तरं पोत्याने पडलेली असतात. दाजींनी त्यातलं एकही उचललं नाही.

“तिथे बघायला माणसं होती,” ते म्हणाले. “घरी कोण होतं?”

क्षितिज उठला. दाजींनी नाकाला लावायला खिशातून रुमाल काढला आणि त्यातली पानं पायऱ्यांवर सांडली, चुरगळलेली, रक्ताची बोटं लागलेली. क्षितिजने ती बघितली. एक पान त्याच्या बुटापाशी पडलं होतं. त्याने ते उचललं नाही आणि त्यावर पायही दिला नाही. ओलांडून गेला आणि प्रथमोपचाराची पिशवी उघडून कीथचं बोट बांधायला बसला. गाढव केव्हाच उठून आपल्या मालकाकडे गेलं होतं.

कीथने पोलिसांत तक्रार केली. लेखी माफी आणि बरीच मनधरणी, यावर ते प्रकरण निभावलं. क्षितिजची नोकरी गेली. विमानतळावर त्याने माझा निरोप घेतला, दाजींना लांबूनच मान हलवली. नाकावर पट्टी लावून दाजी कार्डिफला परतले. अनुताईने दार उघडलं, त्यांचं तोंड बघितलं आणि पहिला प्रश्न केला, “त्याला कुठे लागलं नाही ना?”

“त्याला नाही,” दाजी म्हणाले. तिने मग चहा टाकला.

पुढच्या वर्षी बाळ झालं. मुलगी, शाल्मली. अनुताई जाऊन बाळंतविडा देऊन आली, फोटो घेऊन आली. दाजी फोटो चष्मा लावून बघायचे आणि परत पाकिटात ठेवायचे. एकदाही म्हणाले नाहीत की मला न्या. मी एकदा चिडून विचारलंच, “अहो दाजी, फोन तरी करा. अजून तो वाकायची वाट बघताय का?”

“नाही रे,” ते म्हणाले. “मी फोन केला तर त्याला नाही म्हणावं लागेल. ते कष्ट त्याला कशाला?”

मला पहिल्यांदा या माणसाशी भांडावंसं वाटलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी दसऱ्याला मी कार्डिफला होतो. दुपारी बेल वाजली. अनुताई पुऱ्या तळत होती, मी दार उघडलं. दारात क्षितिज. ज्या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही म्हणाला होता त्या घरात तो सरळ आत आला. उजव्या हाताची बोटं सुजून निळी झालेली. मागे रस्त्यावर गाडी उभी होती आणि गाडीत कॅरिस बसलेली दिसत होती.

दाजी खुर्चीतून उठले. जवळ गेले नाहीत.

“काल माझा हात उठला,” क्षितिज म्हणाला. “शाल्मलीवर. ती दूध सांडलं. फक्त दूध, बाबा. आणि माझा हात वर होता, आणि ती असं बघत होती.”

“लागलं तिला?”

“नाही. मी भिंतीला मारलं.” त्याने सुजलेली बोटं पुढे केली. “धिस टाइम भिंत होती. नेक्स्ट टाइम मला माहीत नाही. शाल्मली बाहेर कारमध्ये आहे. मला ते शिकवा, तुम्ही नर्सेसना शिकवायचे ते. मला ते आलं तर ती आत येईल. नाहीतर आम्ही परत जातो.”

स्वयंपाकघरातला झारा थांबला. अनुताई दारात येऊन उभी राहिली.

दाजींनी मधलं टेबल भिंतीला सरकवलं. “तुला धरायचं शिकवून उपयोग नाही,” ते म्हणाले. “लहान मूल असं धरायचं नसतं. आणि धरणं हा पहिला धडा नाहीच. पहिला धडा वेगळा आहे.”

“कुठला?”

“हात वर गेला की बोटं उघडायची आणि एक पाऊल मागे जायचं. मग आणखी एक. पाठ दाराला लागेपर्यंत. समोरचा काय करतोय ते बघायचं नाही. आपण आधी त्याच्यापासून लांब जायचं.”

आणि मग दाजी खाली बसले. गुडघे कुरकुरले, खुर्चीला धरून बसावं लागलं. जिथे पूर्वी पोरगं बसायचं त्याच गालिच्यावर उकिडवे बसले आणि दीड वर्षाच्या मुलीएवढ्या उंचीचे झाले.

“आता मी शाल्मली आहे. मी दूध सांडलंय. उचल हात.”

“बाबा, नको.”

“उचल. राग आण. तुला आणायला अवघड नाही, मी समोर आहे.”

क्षितिजचा हात वर गेला. मोडून जुळलेला, कोपरात वाकडा हात. त्याच्या चेहऱ्यावर ते सगळं एकदम आलं, पट्टा, झोळी, सायकलची थाप, सगळं. मूठ वळली. आणि खाली बसलेल्या दाजींनी न सांगता, न शिकवता, दोन्ही कोपर डोक्यावर घेतले आणि कपाळ गुडघ्यांत घातलं. त्यांनी हे मुद्दाम केलं नव्हतं. एवढी वर्षं समोर बघितलेलं अंगात उतरलं होतं. अनुताईच्या तोंडून हुंदका बाहेर पडला.

क्षितिज तसाच उभा होता, बापाच्या डोक्यावर मूठ उगारून. मी मध्ये जाणार होतो. या खेपेला माझे पाय हलत होते. पण तेवढ्यात त्याची बोटं उघडली. तो एक पाऊल मागे सरला.

“आणखी एक,” दाजी खालूनच म्हणाले.

तो सरला.

“आणखी एक.”

अशी त्याची पाठ दाराला लागली. मग “आणतो तिला,” एवढंच म्हणून तो वळला आणि बाहेर गेला.

मी दाजींना उठवायला हात दिला. त्यांनी मान हलवली. “असू दे. उंच दिसलो तर घाबरेल.” मग ते स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले. त्या तळहातांत कितीतरी वेडीपिशी माणसं शांत झाली होती आणि एक पोरगं मोडलं होतं.

बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. पायरीवर बारीक बुटांची टपटप वाजली. दाजी मांडी घालून नीट बसले, त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली सारले आणि आपल्याच हातांवर भार टाकून ते दाराकडे बघू लागले.